मे महिन्यात सभागृह रिकामं असतं, ते मुलांना नाटकाच्या हंगामासाठी द्या

महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांचे प्राचार्य, संस्थाचालक आणि विद्यापीठांच्या विद्यार्थी विकास मंडळांचे संचालक यांना,

सप्रेम नमस्कार.

मागणी आधीच सांगून टाकते, कारण पत्र संपेपर्यंत तुमच्यापैकी निम्म्यांना बैठकीचं बोलावणं आलेलं असेल. वार्षिक परीक्षा संपल्यापासून नवं वर्ष सुरू होईपर्यंतचे पाच-सहा आठवडे तुमच्या महाविद्यालयाचं सभागृह नाटक करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या ताब्यात द्या. त्यांनी तिथे तीन नाटकं बसवावीत, तिन्ही पूर्ण लांबीची. वीसेक जणांच्या एकाच संचाने ती आळीपाळीने करावीत. प्रत्येकाचे निदान पाच-सहा प्रयोग व्हावेत, तिकीट लावून, गावातल्या लोकांसमोर. परीक्षक नाहीत, बक्षिसं नाहीत, करंडक नाही. महाविद्यालयाची उन्हाळी नाटक कंपनी आणि तिचा हंगाम, एवढंच.

मी प्रकाशयोजना करते. स्पर्धेतल्या एकांकिकांना लाइट्स करता करता हे काम शिकले, त्यामुळे हे पत्र स्पर्धांच्या विरोधात आहे असं कृपया समजू नका. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेने १९६३ साली पुरुषोत्तम करंडक ही महाविद्यालयांची एकांकिका स्पर्धा सुरू केली आणि त्यानंतरच्या पिढ्यांमधले कितीतरी लेखक, दिग्दर्शक, नट भरत नाट्य मंदिराच्या त्या रंगमंचावर पहिल्यांदा उभे राहिले. खालून येणाऱ्या ‘आव्वाज कोणाचा’च्या आरोळ्यांनी ज्याच्या अंगावर काटा आला नाही त्याने महाविद्यालयात असताना नाटक केलंच नाही असं मी खुशाल म्हणेन. पण साठ वर्षांत आपण त्या एका साच्यालाच महाविद्यालयीन रंगभूमी म्हणायला लागलो, ते मला खटकतं.

साचा बघा. संहिता ठरते, कलाकार निवडले जातात, दीड-दोन महिने रात्री उशिरापर्यंत तालमी चालतात, घरचे ओरडतात, लेक्चरं बुडतात. मग स्पर्धेच्या दिवशी तासाभराच्या आत सगळं उरकायचं. प्राथमिक फेरीत नाव आलं तर आणखी एक प्रयोग. नाही आलं, आणि बहुतेकांचं येत नाही, तर संपलं. नेपथ्य गोदामात, संहिता कुणाच्या तरी बॅगेत. म्हणजे नाटकासाठी दोन महिने घालवलेल्या बहुसंख्य मुलांनी ते नाटक प्रेक्षकांसमोर नेमकं एकदा केलेलं असतं. समोरचा प्रेक्षकही कसा, तर अर्धा आपल्या महाविद्यालयाचा, कुठल्याही वाक्यावर टाळी द्यायला तयार. आणि उरलेला अर्धा दुसऱ्या महाविद्यालयांचा, काहीही झालं तरी हाताची घडी न सोडणारा. तिकीट काढून संध्याकाळ घालवायला आलेला, कुणाच्याच बाजूचा नसलेला माणूस त्या मुलांनी पाहिलेलाच नसतो.

२०२२ साली पुरुषोत्तमच्या महाअंतिम फेरीत परीक्षकांनी करंडक कोणालाच दिला नाही. त्या निर्णयावर बरंच बोललं आणि लिहिलं गेलं. निर्णय बरोबर होता की चूक, यात मला पडायचं नाही. पण मुलांच्या दर्जाची काळजी करताना एक साधा प्रश्नही विचारायला हवा: या मुलांना आपलं नाटक पुन्हा पुन्हा करून सुधारायची संधी आपण कधी दिली? नाटक तालमीत बसतं, पण ते पिकतं प्रयोगांत. व्यावसायिक नाटकवाले पंचविसाव्या प्रयोगाला सांगतात की आता कुठे नाटक हाताला लागलं. आपण मुलांना पहिल्या प्रयोगावरच कायमचं जोखून मोकळे होतो.

एका प्रयोगाच्या हिशेबाने नाटक करायची सवय लागली की तिचे परिणाम सगळ्या विभागांत दिसतात. मी माझ्या विभागाचं सांगते. स्पर्धेच्या एकांकिकेला लाइट्स करताना मुलांना प्रत्येक वाक्याला वेगळा स्पॉट हवा असतो. तांबडा, निळा, वरून, मागून, खालून. शेवटी सगळं एकदम आणि मग ब्लॅकआउट. त्यांना दोष देत नाही. एकच प्रयोग असेल तर जे जे येतं ते सगळं त्यातच दाखवणार, दुसरं कधी दाखवायचं? लिहिणाराही तसंच लिहितो. दर दहा मिनिटांनी धक्का, शेवटी मोठा धक्का. निवांतपणे वाढणारं, दुसऱ्या अंकात हळूच वळण घेणारं नाटक लिहायची त्याला गरजच पडत नाही. आणि दोन अंक पेलण्याचा दम नटाकडे आहे की नाही, हे त्याचं त्यालाच पंचविशीपर्यंत कळत नाही.

आता हंगाम म्हणजे काय ते सांगते, कारण ‘महोत्सव’ आणि ‘हंगाम’ या दोन गोष्टींची आपल्याकडे गल्लत होते. महोत्सवात वेगवेगळे संच येतात, एकेक प्रयोग करून जातात. हंगामात संच एकच असतो, नाटकं बदलतात. मंगळवारी पहिलं, बुधवारी दुसरं, गुरुवारी तिसरं, शुक्रवारी पुन्हा पहिलं. मंगळवारी जी मुलगी प्रमुख भूमिकेत आहे, ती बुधवारी शेजारीण म्हणून दोन वाक्यं बोलून विंगेत येते आणि गुरुवारी म्युझिक ऑपरेट करते. या एका व्यवस्थेतून ती जे शिकते ते कुठल्याही शिबिरात शिकवता येत नाही. छोटी भूमिका करणाऱ्याला काय लागतं, हे मोठी भूमिका करणाऱ्याला कळतं. म्युझिकला बसलेल्याला नटाचा श्वास कुठे आहे ते माहीत असतं, कारण काल तोच तिथे उभा होता.

तांत्रिक बाजूचं तर विचारूच नका. तीन नाटकं एकाच रंगमंचावर आळीपाळीने करायची म्हटली की रात्री प्रयोग संपल्यावर किंवा सकाळी उठून पहिला सेट काढायचा आणि दुसरा लावायचा. तेव्हा नेपथ्य करणाऱ्या मुलाला पहिल्यांदा लक्षात येतं की चार माणसांनाही न उचलवणारी लेव्हल, म्हणजे रंगमंचावरचा चौथरा, बनवण्यात काही पराक्रम नाही. तेच फ्लॅट, म्हणजे भिंतींच्या उभ्या चौकटी, उलटसुलट फिरवून तीन घरं कशी उभी करायची, कोणता दरवाजा तिन्ही नाटकांत चालेल, असा विचार सुरू होतो. लाइट्सचंही तसंच. सगळ्या रंगमंचावर पसरणारा सर्वसाधारण उजेड तिन्ही नाटकांना एकच ठेवायचा, एकदा टांगला की हलवायचा नाही. त्यावर प्रत्येक नाटकासाठी तीन-चार खास लाइट्स, बस्स. रोज शिडीवर चढून सगळं पुन्हा फोकस करायला वेळही नसतो आणि माणसंही नसतात. कुठला दिवा कुठल्या नाटकात किती टक्क्यांवर, हे कागदावर असं लिहून ठेवायचं की उद्या दुसरं कुणी बोर्डवर बसलं तरी प्रयोग झाला पाहिजे. मर्यादा आली की डोकं चालतं. चार दिव्यांत पहाट करायला शिकलेला मुलगा पुढे चाळीस दिव्यांतही गोंधळत नाही. उलट शिकलेला मात्र गोंधळतो, हे मी बघत आले आहे.

आणि मग प्रयोगांची गोष्ट. पहिला प्रयोग भीतीवर निघून जातो. दुसरा हमखास ढिला पडतो. पहिल्याचं कौतुक डोक्यात असतं. काल ज्या वाक्यावर हशा आला तिथे नट आज थांबतो, हशा येत नाही. मग तिसऱ्या प्रयोगाला तो ते वाक्य जोर लावून म्हणतो, तेव्हा तर हमखास येत नाही. चौथ्याला कधीतरी त्याला उमगतं की हशा त्या वाक्यावर नव्हताच, आधीच्या वाक्याला समोरचा नट जसा बघत होता त्यावर होता. हे दिग्दर्शकाने शंभरदा सांगून कळत नाही. पाचव्या प्रयोगाला कुणीतरी आजारी पडतं आणि एका दिवसात दुसऱ्याला उभं करावं लागतं. सहाव्याला पाऊस येतो आणि प्रेक्षकांत मोजकी माणसं असतात. त्या मोजक्या माणसांसाठी पूर्ण ताकदीने प्रयोग करता आला की मी त्या मुलांना नाटकवाले म्हणेन.

हे सगळं परदेशी खूळ वाटत असेल तर आपलीच जुनी पानं उलटून बघा. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या पुढाकाराने उभी राहिलेली मंडळी असो की १९१३ साली तिच्यातून फुटून निघालेली गंधर्व नाटक मंडळी असो, त्यांचं जगणंच हंगामाचं होतं. कंपनी गावात मुक्काम टाकायची आणि आपल्या साठ्यातली नाटकं आलटून पालटून करायची. एकेका नटाला अनेक नाटकांतल्या भूमिका तोंडपाठ असत. त्या काळाचे गोडवे मला गायचे नाहीत. रंगमंचावर बायकांना जागा नव्हती आणि मोठमोठ्या मंडळ्या कर्जात बुडाल्या. पण आज एक भूमिका, उद्या दुसरी, ही शिस्त आपल्याकडे होती.

शेजारच्या कर्नाटकात ती अजून आहे. हेग्गोडू या खेड्यात के. व्ही. सुब्बण्णांनी उभारलेल्या नीनासमने १९८५ साली ‘तिरुगाट’ हा फिरता संच सुरू केला. तरुण नटांचा एकच संच काही नाटकं बसवतो आणि ती घेऊन गावोगाव फिरतो. दिल्लीत राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची रेपर्टरी कंपनी १९६४ पासून आहे आणि उन्हाळ्यात तिचा नाट्यमहोत्सव होतो, ज्यात तोच संच आपली वेगवेगळी नाटकं करतो. दिल्लीच्या उन्हाळ्यात हे चालतं, तर आपल्या मे महिन्याचं कौतुक मला सांगू नका.

विद्यार्थ्यांनीच चालवलेल्या कंपनीचं उदाहरण मात्र अमेरिकेतून घ्यावं लागतं, कारण तिथे महाविद्यालयांच्या उन्हाळी कंपन्या ही जुनी रीत आहे. १९२८ साली प्रिन्स्टन आणि हार्वर्डच्या काही विद्यार्थ्यांनी मॅसॅच्युसेट्सच्या समुद्रकाठी फाल्मथ इथे युनिव्हर्सिटी प्लेयर्स नावाची कंपनी काढली. दुसऱ्या वर्षी त्यांनी स्वतःचं नाट्यगृहही बांधलं. पाच उन्हाळे ती चालली. जोशुआ लोगन, हेन्री फोंडा, मार्गारेट सुलावन, जेम्स स्टुअर्ट हे सगळे पुढे नाटक-सिनेमात नावारूपाला आलेले लोक तिथे उमेदवारी करत होते, तेव्हा त्यांना कुणी ओळखत नव्हतं. खुद्द प्रिन्स्टनमध्ये १९६८ साली विद्यार्थ्यांनी उन्हाळी नाटक कंपनी सुरू केली, तीही विद्यापीठाच्याच छोट्या नाट्यगृहात. मिशिगनमधल्या होप कॉलेजची उन्हाळी रेपर्टरी १९७२ सालची. या कंपन्यांच्या दोन तऱ्हा असतात. काही जण एक नाटक रात्री करतात आणि दिवसा पुढच्याची तालीम, मग आधीचं बंद. काही जण सगळी नाटकं तयार ठेवून आळीपाळीने करतात. मला दुसरी तऱ्हा हवी आहे. पहिलीत धावपळीचीच सवय लागते, आणि ती आपल्या मुलांना आधीच भरपूर आहे.

नाटकं कोणती, हा प्रश्न तुम्ही मुलांवर सोडा. फक्त परवानगीची बाजू नीट समजावून द्या, कारण तिथे महाविद्यालयं हलगर्जीपणा करतात. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं, आणि ती पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजून, हक्क त्याच्या वारसांकडे राहतात. म्हणजे गडकरी, देवल, खाडिलकर केव्हाच मोकळे झाले. मामा वरेरकर सप्टेंबर १९६४ मध्ये गेले, त्यामुळे त्यांची नाटकं १ जानेवारी २०२५ पासून कुणालाही करता येतात. किती महाविद्यालयांना याचा पत्ता आहे कोण जाणे. अत्रे १९६९ साली गेले, त्यांच्यासाठी २०२९ संपेपर्यंत परवानगी लागेल. जुन्या परदेशी नाटकाचे हक्क संपले असले तरी त्याच्या मराठी भाषांतराचे संपलेले असतीलच असं नाही. विद्यार्थी, शिक्षक आणि पालक एवढ्यांसमोरच प्रयोग असेल तर शैक्षणिक संस्थांना कायद्यात सवलत आहे, पण आपल्याला तर तिकीट लावायचं आहे. तेव्हा लेखकाला विचारा, त्याचं मानधन द्या. रंगभूमी प्रयोग परीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र हवं, त्यासाठी संहिता वेळेत पाठवा. या कामात एखाद्या मुलाला जुंपलं की तोही निर्मिती म्हणजे काय ते शिकतो. आपल्याकडे नट पोत्याने मिळतात, नीट पत्र लिहिणारा निर्मिती व्यवस्थापक मिळत नाही.

माझी एकच इच्छा: तीनपैकी एक नाटक जुनं असावं, आजच्या मुलांना अवघड जाईल अशा भाषेचं. एक नवं असावं, महाविद्यालयातल्याच कुणीतरी लिहिलेलं. तिसरं लहान मुलांसाठी करायला हरकत नाही. मे महिना पहिल्यापासून बालनाट्याचाच आहे, सकाळचा प्रयोग लावता येतो, आणि लहान मुलांइतका निर्दय प्रेक्षक दुसरा नाही. कंटाळा आला की ती सरळ उठून चालू लागतात.

तुमचे आक्षेप मला पाठ आहेत. मुलं सुट्टीत गावी जातात. जातील, वीस जण राहतील, तेवढेच हवेत. त्यांच्यासाठी वसतिगृहाच्या काही खोल्या उघड्या ठेवा. मुलींना रात्री उशीर होतो. होतो, म्हणून संध्याकाळचा प्रयोग लवकर लावा आणि परतण्याची सोय कंपनीच्या वेळापत्रकातच लिहा. पैसे? स्पर्धेच्या एका एकांकिकेच्या नेपथ्यावर, भाड्याच्या लाइट्सवर आणि प्रवासावर होणारा खर्च मांडून बघा, हंगाम त्याहून फार लांब जाणार नाही, कारण सभागृह तुमचंच आहे आणि सामान एकदाच आणायचं आहे. तिकिटाचे पैसे पुढच्या वर्षासाठी ठेवा, ते महाविद्यालयाच्या सामान्य निधीत ढकलू नका. नव्या शैक्षणिक धोरणात सहअभ्यासक्रमांना श्रेयांक आहेत आणि त्यांत प्रयोगजीवी, म्हणजे नाटक-संगीतासारख्या सादर करायच्या, कलाही येतात, तेव्हा कागदावर बसवायचं असेल तर तेही शक्य आहे. मला त्याची थोडी भीतीच वाटते. श्रेयांक आले की हजेरीपट येतो, आणि हजेरीपट आला की तालमीला नुसतं बसायला येणारेही येतात.

अजून दोन गोष्टींची धास्ती आहे, त्या स्पष्टच लिहिते. पहिली, उद्घाटन. शाल, श्रीफळ आणि प्रमुख पाहुण्यांचं पाऊण तासाचं भाषण पहिल्याच प्रयोगाला ठेवू नका, नट विंगेत थंड पडतात. दुसरी अधिक गंभीर. छोट्या महाविद्यालयांना एकट्याने हे झेपणार नाही, म्हणून तीन महाविद्यालयं एकत्र येतील आणि कुणीतरी सुचवेल की प्रत्येकाने एकेक नाटक करावं. तसं केलंत की चौथ्या दिवशी ‘आमचं नाटक, तुमचं नाटक’ सुरू होईल आणि सहाव्या दिवशी कुणीतरी परीक्षक बोलावेल. तीन महाविद्यालयांची मुलं मिसळून एकच कंपनी करा. अभियांत्रिकीचा मुलगा, कला शाखेची मुलगी आणि कृषी महाविद्यालयातला गडी एकाच कपडेपटाच्या खोलीत राहू द्यात.

तयारी मे महिन्यात सुरू करून चालणार नाही. डिसेंबरमध्ये नोटीस लागावी: उन्हाळी कंपनीसाठी विद्यार्थी हवेत. निवड भूमिकांसाठी न होता कंपनीसाठी व्हावी, नाहीतर सगळ्यांना नायकच व्हायचं असतं. जानेवारी-फेब्रुवारीत नाटकांची वाचनं व्हावीत, हक्कांची पत्रं जावीत, मग परीक्षेपर्यंत पाठांतराशिवाय काही नको. परीक्षा संपली की तीन आठवडे दिवसभर तालीम आणि पुढे पावसाला सुरुवात होईपर्यंत प्रयोग. नोटिशीत एक ओळ जरूर घाला, की कंपनीतल्या प्रत्येकाला तीनपैकी निदान एका नाटकात पडद्यामागे काम करावं लागेल. त्या ओळीनंतर जे अर्ज येतील, तेच तुमचे वीस जण.

ज्यांना पहिल्याच वर्षी तीन नाटकं जड वाटतील त्यांनी दोन करावीत. पण प्रयोगांची संख्या कमी करू नका. आणि सभागृहातले लाइट्स आत्ताच एकदा लावून बघा. बहुतेक ठिकाणी निम्मे बंद असतात आणि वायरिंग जुनं असतं. ते काम इलेक्ट्रिशियनचं आहे, मुलांचं नाही.

आपली नम्र,
एक प्रकाशयोजनाकार